पाणी घेऊ की पैसा?

अगं, एमएच्या दुसऱ्या वर्षाला स्पेशलायझेशन कुठलं घेऊ, हे तू मला विचारलंस तेव्हा खरं तर तुझं निम्मं ठरलेलंच होतं. तुमच्या यादीत आरोग्य आहे, शिक्षण आहे, नगरविकास आहे, पाणी-पर्यावरण आहे, सार्वजनिक वित्त आहे आणि यंदा नव्यानं घातलेलं ‘डेटा व तंत्रज्ञान’ आहे. पण तुझ्या आवाजात पाणीच होतं. लातूरची मुलगी दुसरं काय म्हणणार? 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तू शाळेत होतीस. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली तू पाहिलीस. भांडी घासलेलं पाणी संडासाला, कपड्यांचं पाणी अंगणाला, हे मावशीचं गणित तुला कुठल्या पाठ्यपुस्तकातून शिकायची गरज नाही.

मग घोडं कुठे पेंड खातंय? तर वर्गातली गणित चांगलं असलेली मुलं सार्वजनिक वित्ताकडे चाललीत, प्लेसमेंटवाल्या मॅडम म्हणतात डेटा घे, आणि मास्तर असलेले काका म्हणतात नोकरी लागेल ते घे. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणूनच तुझा गोंधळ झालाय.

माझं उत्तर आधी सांगून टाकते. सार्वजनिक वित्त घे आणि प्रबंध पाण्यावर लिही. आता कारणं ऐक. आणि मी स्वतः बजेटच्या कागदांवर पोट भरते, त्यामुळे माझं माप थोडं त्या बाजूला झुकतं असणार, तेही धरून चाल.

तू जिला पाण्याचा प्रश्न म्हणतेस त्या रेल्वेकडेच जरा नीट बघ. लातूर शहराला पाणी मांजरा धरणातून येतं. धरण कोरडं पडलं, इथपर्यंत पाणी. पण धरणाच्या पाणलोटात आणि लाभक्षेत्रात ऊस आहे, कारखाने आहेत. शेतकरी ऊस का लावतो? कारण उसाला केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे किमान रास्त दर, ठरवून देतं, कारखान्याला तो पाळावा लागतो, आणि डाळीला किंवा सोयाबीनला बाजारात तसा भरवसा नाही. म्हणजे हा झाला कृषी-दराचा प्रश्न. विहीर-बोअरमधून पाणी उपसायला वीज लागते. ती शेतीपंपाला किती रुपयांना द्यायची, हे वीज नियामक आयोग आणि राज्य सरकारचं अनुदान मिळून ठरवतात. 2024 पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली. याचा अर्थ मराठवाड्यातलं भूजल किती खोल जाणार, याचा मोठा निर्णय पाणीपुरवठा खात्यात होत नाही, ऊर्जा खात्याच्या अनुदानाच्या ओळीत होतो. शहरातल्या गळक्या जलवाहिन्या बदलायच्या तर तो महापालिकेच्या भांडवली खर्चाचा विषय. लातूरची महापालिका 2011 सालची, नवी आणि हातातोंडाशी गाठ असलेली. वसूल न होणारी पाणीपट्टी हा तिचा आणखी एक रडण्याचा विषय.

असं बघत गेलं की तुमच्या संस्थेच्या यादीतला ‘पाणी-पर्यावरण’ हा एक कप्पा या प्रश्नाला पुरत नाही. त्या कप्प्यात तुला बहुतेक काय शिकवतील, तर पाणलोट विकास, हवामान बदल, भूजल कायदा, 2005 साली झालेलं महाराष्ट्राचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, जागतिक करार. सगळं उपयोगाचं आहे, पण त्यातलं बरंचसं तू स्वतः वाचू शकतेस. तुझ्याकडे प्रश्न आहे, गाव आहे, तळमळ आहे. राज्याच्या अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडून ‘हा पैसा नक्की कुठून निघाला आणि कुठे अडकला’ हे शोधायची सवय मात्र घरी बसून लागत नाही. ती कुणीतरी शेजारी बसून, पानं उलटून लावावी लागते. आपल्याकडे म्हणतातच की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. सरकारच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरं आहे. योजनेचं नाव कितीही गोड असू दे, पुरवणी मागण्यांत तिला काय मिळालं आणि सुधारित अंदाजात किती कापलं, ते बघितलं की तिची तब्येत कळते.

एक गंमत सांगते. काकांची पगाराची स्लिप कधी बघितली आहेस? दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर, फेब्रुवारीत 300, मिळून वर्षाचे 2,500. जिल्हा परिषदेच्या शाळेतला प्रत्येक मास्तर ही ओळ निवृत्त होईपर्यंत बघतो आणि कुणी विचारत नाही की हा कर आला कुठून. तो 1975 साली आला, आणि आला तो रोजगार हमी योजनेसाठी. 1972च्या दुष्काळात लोकांना खडी फोडायची कामं दिली गेली. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती, यांनी मागेल त्याला काम ही कल्पना आधीपासून लावून धरली होती. तिचा कायदा 1977 साली झाला, 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. पण कायदा होण्याआधीच प्रश्न पडला होता की पैसे कोण देणार. उत्तर असं निघालं की शहरातल्या पगारदारानं, व्यापाऱ्यानं, डॉक्टर-वकिलानं थोडा थोडा कर द्यायचा आणि सरकारनं तेवढीच भर घालायची. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून बीडच्या बाईची मजुरी निघत होती. पुढे 2005 साली केंद्रानं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव सगळ्यांच्या समोर होता.

आता मला सांग, रोहयो कुठल्या स्पेशलायझेशनमध्ये बसते? दुष्काळ आहे, मजुरी आहे, बायकांचं काम आहे, रस्ते-नालाबंडिंग आहे. पण ती टिकली ती पैशाची सोय कायद्यात बांधून ठेवली म्हणून. पागे साहेबांच्या कल्पनेइतकंच त्या कराचं मोल आहे, असं माझं मत आहे. तुमच्या वर्गात रोहयोवर तास झाला असेल, तर हक्कांवर बोलले असतील. व्यवसाय करावर कुणी बोललं का?

हीच गोष्ट जलजीवन मिशनची. 2019 पासून घरोघरी नळ, माणशी रोज 55 लिटर, महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचे निम्मे आणि राज्याचे निम्मे पैसे. पाइप पडले, टाकी झाली, उद्घाटनाला फीत कापली. मग मोटरचं वीजबिल कुणी भरायचं? ग्रामपंचायतीनं. ते थकलं की योजना बंद, आणि नळ कोरडा. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता. तुझ्या आजोळच्या ग्रामपंचायतीत तो कशावर गेला, एवढं एक शोधून काढलंस तरी एक चांगला प्रबंध होईल. आणि तो पाण्यावरचा प्रबंध असेल, हे लक्षात येतंय ना?

तुला एक भीती आहे, ती तू स्पष्ट बोलली नाहीस पण मला कळली. वर्गात दिल्लीची, चेन्नईची पोरं फाडफाड इंग्रजी बोलतात, आणि तू चर्चेत गप्प बसतेस. वित्त घेतलं तर तिथे आकडे आणि इंग्रजी दोन्ही, मग आपलं कसं व्हायचं? अगं, उलट आहे. महाराष्ट्र सरकारचा शासन निर्णय मराठीत निघतो. वरती ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते, मग प्रस्तावना, मग निर्णय, आणि शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही. त्या ‘वाचा’मधली एकेक ओळ धरून मागे मागे गेलं की एखादी योजना दहा वर्षांत कशी वळली, कुणी कुठे निकष बदलले, कुठे निधी वळवला, सगळा इतिहास उलगडतो. तुझ्या वर्गातल्या किती जणांना हे वाचता येईल? ‘आहरण व संवितरण अधिकारी’ असा शब्द आला की त्यांना अनुवादक लागतो. तू काकांच्या शाळेतली परिपत्रकं लहानपणापासून ऐकलीस, तुला तो सूर ओळखीचा आहे. ग्रामसभेचं इतिवृत्त, सातबारा, तलाठ्याचा पंचनामा, हे सगळं वाचता येणारी आणि शिवाय लेखाशीर्ष, म्हणजे बजेटमधल्या खर्चाचे क्रमांक, कळणारी मुलगी शोधायला आमच्यासारख्या संस्था महिनोन् महिने जाहिराती देतात. इंग्रजी दोन वर्षांत सुधारतं. तालुक्याच्या कचेरीतला कागद उलगडणं दोन वर्षांत येत नाही.

लेखाशीर्षांना घाबरू नकोस. 2202 म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, 2210 म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, देशातल्या सगळ्या राज्यांत तेच. एकदा डोळ्यांना सवय झाली की केरळचं बजेटही तुला वाचता येतं. हा त्या विषयाचा मोठा फायदा आहे: उद्या पाण्याचा कंटाळा आला, आरोग्याकडे वळावंसं वाटलं, तर हातातलं कौशल्य वाया जात नाही. विषय बदलणारे मी खूप पाहिलेत. तिशीत बसून पद्धत नव्यानं शिकणारे फार थोडे.

पद्धतीवरून आठवलं. वित्त घेतलंस तरी मूल्यमापनाचा, म्हणजे त्या इम्पॅक्ट इव्हॅल्युएशनचा पेपर सोडू नकोस, मग तो कितीही रटाळ वाटू दे. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन आपल्या राज्यात 2005 साली औरंगाबादहून सुरू झालं. त्यानंतर दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुरटलेपण 39 टक्क्यांवरून 2012 च्या पाहणीत 23 टक्क्यांवर आलं. मोठी घट आहे. पण ती मिशनमुळे झाली, की त्याच काळात उत्पन्न वाढलं, मुलींची लग्नाची वयं वाढली, दवाखान्यात बाळंतपणं वाढली म्हणून झाली? ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढेच दोन आकडे हातात असले तर याचं उत्तर देता येत नाही. आता गडचिरोलीचं बघ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला तेव्हा 39 गावांत काम केलं आणि शेजारची 47 गावं तुलनेला धरली. काम केलेल्या गावांतले नवजात मृत्यू खूप खाली आले, तुलनेच्या गावांत तसं झालं नाही. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि 2011 पासून आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचं हे देशाचं धोरण झालं. सेवाभाव दोन्हीकडे होता. पण त्या 47 गावांची नोंद ठेवली नसती तर दिल्लीत कुणी ऐकलं असतं का, मला शंका आहे.

आता माझ्याच बोलण्याला फाटा फोडते. वित्त प्रत्येकीनं घ्यावं असं मी म्हणत नाही. तुझी मैत्रीण, ती बीडीएस करून आलेली, तिनं आरोग्यच घ्यावं. तिथे रोगपरिस्थितीविज्ञान लागतं, जैवसांख्यिकी लागते, आणि ती वर्गातच शिकावी लागते. शिवाय तिला आधीचं शिक्षण आहे, तिचा पाया तिथेच आहे. शिक्षण हा विषय ज्याला घ्यायचा असेल त्यानं आधी एक वर्ष शाळेत काढावं, नाहीतर मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचे, ‘असर’च्या अहवालातले तक्ते पाठ होतात आणि चौथीतलं पोर वाचताना कुठे अडखळतं ते कळत नाही. काका यावर तुला माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

नगरविकास हा मात्र तुझ्यासाठी खराखुरा दुसरा पर्याय आहे, त्याचा विचार कर. 74वी घटनादुरुस्ती होऊन तीन दशकं उलटली, बाराव्या अनुसूचीत 18 कामं लिहून दिली, आणि तरी आपल्या महापालिकांत महापौर मिरवायला आणि कारभार आयुक्तांकडे. मुंबईचा तर कायदाच 1888चा. त्या पालिकेचा 2025-26चा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या वर होता, अख्ख्या गोवा राज्याच्या दुपटीहून अधिक. आणि लातूर, परभणी, नांदेडसारख्या पालिका राज्याच्या अनुदानाकडे डोळे लावून असतात. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, 2017 साली जीएसटी आला आणि पालिकांना त्याची भरपाई राज्याकडून दर महिन्याला मिळू लागली. स्वतःची चूल सोडून रोज शेजारणीच्या घरी भाकरी मागायला जावं तसं झालं. मध्यम शहरांवर काम करणारी माणसं फार कमी आहेत. सगळ्यांना मुंबई-बंगळुरूची मेट्रो हवी असते. तुम्हाला नगरविकासात पालिका-वित्ताचा पेपर असेल, आणि तो कुणी नीट शिकवत असेल, तर मी माझा हट्ट सोडते. पाणी, पैसा आणि लातूर, तिन्ही तिथे एकत्र भेटतील.

डेटा व तंत्रज्ञानाबद्दल मी फार बोलणार नाही. नाव चकचकीत आहे, नोकऱ्याही आहेत. पण त्यात संगणकापेक्षा कायदा जास्त वाचावा लागतो, 2023चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि त्याखालचे नियम. तुला कलम-उपकलमात रस नाही, हे मला तुझ्या पहिल्या सत्राच्या रडगाण्यावरून माहीत आहे.

नोकरीचं बोलू, कारण कर्ज काढलंय आणि हप्ता सुरू होणार आहे. यात लाजायचं काय! सल्लागार कंपन्या राज्य सरकारांच्या खात्यांत जी पथकं बसवतात, तिथे पगार बरा मिळतो, काम बहुतेक सादरीकरणाचं आणि रात्री उशिरापर्यंतचं. तिथे स्पेशलायझेशन कुणी फारसं विचारत नाही, एक्सेल आणि चिकाटी विचारतात. संशोधन संस्थांत पगार बेताचा, पण लिहायला मिळतं. सामाजिक संस्थांत पगार आणखी कमी, आणि गाव मिळतं. मुख्यमंत्री फेलोशिप निघाली तर जरूर अर्ज कर. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा मंत्रालयात बसून फाइल कशी चालते हे बघायला मिळणं ही चैन आहे. पहिली दोन-तीन वर्षं कर्जासाठी कंपनीत काढलीस तर त्यात कमीपणा काही नाही. फक्त तिथून बाहेर पडताना तुझ्याजवळ एक असं काहीतरी हवं जे तुलाच येतं. पाणीपुरवठ्याच्या पैशाचा माग काढता येणं, हे असं कौशल्य आहे. ‘पाणी-पर्यावरणात एमए’ एवढं पुरेसं नाही, कारण तसे खूप आहेत.

आणि हो, यूपीएससीचा वैकल्पिक विषय जुळतो म्हणून स्पेशलायझेशन घेणारी मंडळी तुमच्याकडेही असतील. त्यांना घेऊ दे. तुला परीक्षा द्यायची असेल तर दे, पण हे दोन वर्षांचं शिक्षण तिची शिकवणी करून टाकू नकोस. त्यासाठी पुण्यात सदाशिव पेठेत याहून खूप स्वस्त सोय आहे.

फॉर्म भरण्याआधी दोन कामं कर. सीनियर मुलींना विचार की सार्वजनिक वित्त प्रत्यक्षात कोण शिकवतं. पूर्ण वेळ प्राध्यापक असतील, विद्यार्थ्यांना खरी बजेटची पुस्तकं हाताळायला लावत असतील, तर उत्तम. शनिवारी विमानानं येऊन दोन तास गोष्टी सांगून जाणारे पाहुणे असतील, तर मग विषयाच्या नावावर जाऊ नकोस, नगरविकासातला तो पेपर बघ. चांगली शिकवणारी बाई पाणी शिकवत असेल तर खुशाल पाणी घे, आणि वित्ताचा एक पेपर ऐच्छिक म्हणून ओढून घे. माझ्या सगळ्या बोलण्यावर ही एक गोष्ट भारी पडू शकते.

दुसरं काम: लातूर महापालिकेच्या अंदाजपत्रकाची प्रत मिळव आणि एका संध्याकाळी पाणीपुरवठ्याची पानं उघडून बस. पाणीपट्टीची मागणी किती, वसुली किती, वीजबिल किती, दुरुस्तीला काय उरलं, एवढंच वहीत उतरवून काढ. तासाभरात डोळे मिटायला लागले, तर वित्त तुझं नव्हे, आणि मग मी काकांशी बोलेन की पोरीला पाणी घेऊ द्या. पण जर जेवणाची वेळ टळून गेली आणि तू अजून मागच्या वर्षीच्या आकड्याशी यंदाचा आकडा का जुळत नाही याच्यावरच अडली असलीस, तर मला रात्री कितीही वाजता फोन कर. तो न जुळणारा आकडा मलाही बघायचाय.